एचओडीसाठी रोज एक हजार आठ दूर्वा

सगळी चूक आमच्या बाबांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला हसायला लागलात तरी मूळ आरोपी कोण ते विसरणार नाही. चहा गार व्हायच्या आत ऐका. मी आयुष्यात बऱ्याचदा माती खाल्ली आहे, पण एवढी चवीनं कधीच नाही.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बदलापूर पश्चिम, हेंद्रेपाडा. अंबरनाथच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर्स ऑफिसर होते. तिथे नटबोल्ट मोजायचे, आता रिटायर झाल्यावर मोजायला नटबोल्ट उरले नाहीत म्हणून आम्हाला मोजतात. कोण किती वाजता आला, कोणाची गाडी रेषेबाहेर, सगळं वहीत.

तर ह्या गृहस्थांनी गेल्या वर्षी जानेवारीत सोसायटीच्या मागची हिरवळ उखडून तिथे पेव्हर ब्लॉक घातले. का? तर चिखल होतो! जनरल बॉडीत ठराव एकमतानं पास. एकमतानं म्हणजे नऊ जण आले होते, नऊही साठीच्या पुढचे, आणि नंतर सामोसे होते. माझा विरोध वहीत 'किरकोळ चर्चा' म्हणून नोंदवला गेला.

हिरवळ गेल्याचं नुकसान कोणाला झालं? एकालाच. एचओडीला.

एचओडी म्हणजे माझा गिनी पिग. घाबरू नका, डुक्कर नाही. सशापेक्षा लहान, उंदरापेक्षा मोठा, शेपूट नाही. मी तिसऱ्या वर्षात इंजिनीअरिंग सोडलं. का सोडलं ते विचारू नका, तो वेगळा चहा आहे. सोडताना आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे खऱ्या एचओडींनी, 'तुझ्याच्यानं काहीच होणार नाही' असं सर्टिफिकेट तोंडी दिलं. त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो आणि हा प्राणी घेऊन आलो. गोल पोट, कपाळावर पांढरी झुलपं. दिवसभर एका जागी बसायचा, फ्रिजचं दार वाजलं की किंचाळायचा आणि कोणी समोर आलं की कपाटाखाली जायचा. तुम्हीच सांगा, दुसरं काय नाव ठेवणार?

बाबा त्याला 'उंदीर' म्हणतात. आई 'ते' म्हणते. 'ते जेवलं का रे?'

हिरवळ होती तोवर मी रोज मूठभर गवत तोडून आणायचो. ब्लॉक आले, गवत संपलं. मग मी दुकानातून रंगीत दाण्यांचं पाकीट आणलं, वर गाजराचं चित्र. शिवाय आईची चपाती. एचओडी खूश, फुगला. आता इथे माझीही चूक आहे म्हणा. थोडी. पण ब्लॉक कोणी घातले?

मे महिन्यात एका सकाळी मी फ्रिज उघडला आणि घरात शांतता.

पुन्हा उघडला. काही नाही. तिसऱ्यांदा जोरात आपटून उघडला.

"वीज फुकट येते का?" बाबा पेपरामागून.

"एचओडी ओरडत नाहीये."

"चांगलं आहे की."

पिंजऱ्यात बघतो तर गाजर तसंच, दाणे तसेच, कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला. आणि लेंड्या नाहीत. एक पण नाही. हा प्राणी दिवसाला शे-दीडशे टाकणारा! मी सगळा पिंजरा उपसला.

आई म्हणाली, "दृष्ट काढू का?"

बाबा म्हणाले, "आज चतुर्थी आहे. उपास असेल त्याचा." आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. मी त्यांना काय म्हणालो ते इथे सांगता येत नाही. आईनं माझ्याशी बोलणंच टाकलं, यावरून अंदाज करा.

बदलापुरातल्या डॉक्टरांनी पिंजऱ्यात न बघताच सांगितलं, "आम्ही कुत्रा-मांजर बघतो." मग उल्हासनगर. तिथे एक सिंधी मॅडम आहेत, पोपट, ससे, कासव, सगळं बघतात. त्यांनी एचओडीला उलटा केला, तोंड उघडून दात बघितले, पोट दाबलं.

"क्या खिलाते हो?"

"दाणे."

"और?"

"चपाती."

"और घास?"

"मॅडम, हमारे यहाँ पेव्हर ब्लॉक है।"

त्यांनी चष्मा खाली केला. "बेटा, ये ब्लॉक खाता है क्या?"

मग त्या मराठीत आल्या. रागावताना त्या मराठीत येतात, हे मला नंतर कळलं. "याचं पोट गवतावर चालतं. गवत थांबलं, पोट थांबलं. दात पण वाढायला लागलेत. अजून एक दिवस घरी ठेवला असतास ना, तर इथे रिकामा पिंजरा घेऊन आला असतास."

औषध दिलं. सिरिंजनं भरवायची पेस्ट दिली, दर तीन तासांनी. "लेकिन दवाई सिर्फ धक्का देगी. गाडी घास से चलेगी. ताजी, हरी, धुली हुई, दिन में चार बार. रस्त्यावरची नाही हां, कुत्रे मुततात. दूर्वा मिली तर बेस्ट. वो गणपतीवाली."

आता मे महिन्यात बदलापुरात हिरवं गवत शोधून दाखवा. बारवी धरणाचं पाणी दिवसाआड, माणसांना पुरत नाही, गवताला कोण घालतो? मैदानं भाकरीसारखी भाजलेली. फुलवाल्याकडे दूर्वा मंगळवारी नाहीतर चतुर्थीला. कालच्या चतुर्थीची एक जुडी उरली होती, सुकलेली. एकवीस काड्या, दोऱ्यानं गळा आवळलेला. ती धुऊन एचओडीपुढे ठेवली. तासभर काही नाही. मग त्यानं नाक हलवलं आणि एक काडी आत ओढली. हळूहळू, शेवटच्या टोकापर्यंत.

मी सांगतो, सेमिस्टरचे सगळे पेपर सुटले असते तरी मला एवढा आनंद झाला नसता. एक तर ते सुटले नाहीतच.

थोडक्यात, दूर्वा मिळाल्या तर हा जगणार, नाही तर नाही. आणि अख्ख्या हेंद्रेपाड्यात हिरवीगार दूर्वा एकाच ठिकाणी. गल्लीच्या टोकाला गणपतीचं छोटं देऊळ आहे, त्याच्या मागे दोन चटया मावतील एवढा वाफा. तारेचं कुंपण, कुंपणाला दार, दाराला कुलूप. किल्ली आप्पांच्या जानव्याला.

आप्पा देवळाचं सगळं बघतात. वय पंचाहत्तर. बोअरचं पाणी झारीनं घालतात, एकेक काडी ओळखतात. मागच्या महिन्यात तारेखालून एक बकरी शिरली तर हा माणूस घंटेचा लोलक हातात घेऊन तिच्यामागे वालिवली रस्त्यापर्यंत धावला होता. "देवाचं आहे, जनावराचं नाही!" असं ओरडत. आणि माझं त्यांचं नातं? सहा वर्षांपूर्वी भर आरतीत मी त्यांना 'देव असेल तर सिद्ध करून दाखवा' असं म्हटलं होतं. त्यानंतर मी देवळाच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता.

सकाळी सहाला गेलो. आप्पा पाणी घालत होते.

"कोण? सेक्रेटरींचा? कॉलेज सोडलेला?"

हे माझं हेंद्रेपाड्यातलं पूर्ण नाव.

"हो. आप्पा, थोड्या दूर्वा हव्या होत्या."

"कशाला?"

इथे खरं सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण ती बकरी डोळ्यांपुढे आली.

"देवाला," मी म्हणालो.

आप्पांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग आत जाऊन एकवीस काड्या तोडून दिल्या. मोजून. घरी येऊन एचओडीपुढे टाकल्या तर तासाभरात फस्त. दुसऱ्या दिवशीच्या एकवीस पंधरा मिनिटांत. तिसऱ्या दिवशी पोटात जरा धुगधुगी आली तर चाळीस सेकंद, मी घड्याळ लावलं होतं. संपल्यावर माझ्याकडे बघतो, 'एवढंच?'

चौथ्या दिवशी आप्पांना म्हणालो, "जास्त लागतील."

"किती?"

मी मनात हिशोब केला. एकशेआठ चार वेळा पुरणार नाहीत. देवाच्या खात्यातला त्याच्यावरचा आकडा मला एकच माहीत होता.

"एक हजार आठ."

झारी खाली ठेवली गेली. "रोज?"

"रोज."

"संकल्प केलायस?"

"... हो."

"किती दिवसांचा?"

मॅडमनी सांगितलं होतं, तीन आठवडे जपा, मग बघू. "एकवीस."

आणि काय सांगू, आप्पांच्या डोळ्यांत पाणी! डॉक्टरांचा कोर्स आणि गणपतीचा आकडा असे एकमेकांत चपखल बसतील हे मला काय ठाऊक? आप्पांनी कुलूप काढून दार उघडलं. "ये. पण नियमानं तोडायच्या."

नियम ऐका. आंघोळ करून, ओल्या केसांनी, अनवाणी. डावा हात लावायचा नाही. नख लावायचं नाही. तीन पानांचाच कोंब. आणि मोजायच्या मोठ्यानं, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी सातशे चाळीसवर शिंक आली आणि मी आकडा विसरलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "एकपासून." ज्या माणसानं लॅबमध्ये कधी एक रीडिंग दोनदा घेतलं नाही, तो मी, मे महिन्याच्या उन्हात उकिडवा बसून गवत मोजत होतो.

सकाळी देवळात येणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. आईचा अबोला जागीच संपला. दारात तांब्या घेऊन उभी, पायांवर पाणी घातलं.

"मला वाटलंच होतं, तू मनानं वाईट नाहीस," म्हणाली. म्हणजे एरवी काय वाटत होतं बघा.

"आई, ह्या एचओडीला..."

"आधी देवाला दाखव. मग दे कुणाला द्यायच्या त्या."

झालं. रोज दूर्वा आधी देव्हाऱ्यापुढे, मग मोरीत धुऊन एचओडीपुढे. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. स्टोअर्सचा माणूस. माल आत किती आला आणि कुठून बाहेर गेला, ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण ते नुसते हसले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी असं हत्यार मिळालं नसेल.

"चालू दे तुझी भक्ती," रोज सकाळी पेपरामागून.

पाचव्या दिवशी लेंड्या आल्या. सहा. मी त्या कागदावर घेऊन आईला दाखवल्या. आईनं साखर वाटायची बाकी ठेवली. आठव्या दिवशी फ्रिजचं दार वाजलं आणि कोपऱ्यातून एक बारीक किंकाळी आली. मी दार तसंच उघडं टाकून बसलो, आणि बाबा चक्क विजेबद्दल काही बोलले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आप्पा.

"म्हटलं, तुझी पूजा बघून यावी."

हॉलच्या मधोमध एचओडी बसलेला. चारी बाजूंनी दूर्वा. एक काडी तोंडातून अर्धी बाहेर, मिशीसारखी. आई स्वयंपाकघराच्या दारात थिजली. बाबांचा पेपर दोन बोटं खाली आला, फक्त डोळे दिसतील एवढा. मला तो घंटेचा लोलक आठवला.

"हे काय?" आप्पा.

मी म्हणालो, "हा... मूषक."

पेपरामागे ठसका लागला.

आप्पा मग गुडघे कडकड वाजवत खाली बसले. "वाहनाला आधी वाढतोस. बरोबर आहे. हे आता कोणी करत नाही." मग पुढे वाकले, एका हातानं एचओडीचा एक कान झाकला आणि दुसऱ्या कानात काहीतरी पुटपुटले. देवळातल्या दगडी उंदराच्या कानात बायका सांगतात ना, तसं. एचओडी 'कुईक' म्हणाला.

"ऐकलं म्हणतो," आप्पा म्हणाले.

उठताना त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली दूर्वांची मोठी जुडी काढली. "दुपारच्या. सकाळच्या तोवर सुकतात. तू अनवाणी आलास तर पायाला चटके बसतील. उद्यापासून दुपारच्या मी आणतो." आणि गेले, भर उन्हात, स्वतः अनवाणी.

बाबा हसत होते. मला नाही हसू आलं. सहा वर्षं मी ज्या माणसाला मूर्ख म्हणत होतो त्याला मी आता खरोखरच मूर्ख बनवत होतो, आणि तो मला गवत आणून देत होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पंधराव्या दिवशी उल्हासनगर. मॅडमनी वजन केलं. वाढलं होतं. दात गवतानं झिजत होते. "बहुत अच्छा. दूर्वा कहाँ से लाया?"

"मंदिर से।"

"बस, वही चालू रखो. जिंदगीभर."

जिंदगीभर! संकल्प तर सहा दिवसांत संपणार. बाविसाव्या दिवशी मी वाफ्यात काय म्हणून जायचं? पाऊस यायला अवकाश, आणि पाऊस पडला तरी आमच्या आवारात काय, ब्लॉक उगवणार?

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी उद्यापन ठेवलं. मला वाटलं चार माणसं असतील. चाळीस! सोसायटीची अख्खी जनरल बॉडी, सामोसे नसताना. मला सोवळं नेसवलं, पाटावर बसवलं. आरती झाली, मला ती येत नव्हती, मी ओठ हलवले. मग आप्पा उभे राहिले.

"ह्या मुलाला आपण सगळ्यांनी नावं ठेवली. मीही ठेवली. आजपासून वाफ्याची एक किल्ली ह्याच्याकडे. कधीही यावं, हव्या तेवढ्या दूर्वा न्याव्यात."

टाळ्या! मला वाटलं, सुटलो. एचओडी जन्माचा सुटला.

"फक्त," आप्पा म्हणाले, "संकल्प पुरा झाला की देवाच्या नावानं आवडीचं एक काहीतरी सोडायचं असतं. बोल, काय सोडतोस?"

किल्ली त्यांच्या हातात लटकत होती. मी पटकन म्हणालो, "कारलं."

आई, माझी सख्खी आई, म्हणाली, "अरे, पण तू कारलं खातोस कुठे?"

चाळीस माणसं हसली.

"गवार."

"तीही नाही खात."

"दुधी?"

"आवडीचं, बाळा," आप्पा समजुतीनं म्हणाले.

आणि तेव्हा बाबा उठले. मीटिंगमध्ये उठतात तसे, घसा साफ करून. "माझी एक सूचना आहे. अंडी."

आता अंड्यांचं सांगायला हवं. स्टेशनजवळ भुर्जीची गाडी आहे. रोज संध्याकाळी सातला मी तिथे. डबल भुर्जी, चार पाव, वर कच्चा कांदा. कॉलेज सुटलं, मित्र नोकरीला लागून पुण्याला गेले, ती गाडी राहिली. बाबांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ठराव मांडल्याचा भाव. "अनुमोदन?" त्यांनी विचारलंसुद्धा, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं की तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, हे खऱ्या एचओडींनाही माहीत आहे.

"सोडली!" मी ओरडलो. "अंडी सोडली! आयुष्यभर सोडली! झालं समाधान?"

मग देऊळ दणाणलं. शंख वाजला. आईनं डोळे पुसले. आप्पांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि कानाशी येऊन हळूच म्हणाले, "अरे वेड्या, चार महिने म्हटलं असतंस तरी चाललं असतं. आयुष्यभर कोणी मागितलं होतं?"

तरी मी मनात म्हटलं, ठीक आहे. देवबीव आपण मानत नाही, शपथ घेतली ती गवतासाठी. दुसऱ्या दिवशी सातला गाडीवर गेलो. भुर्जीवाल्यानं तवा पुसला, अंडं उचललं, माझ्याकडे बघितलं आणि अंडं परत ठेवलं.

"भाऊ, तुम्हाला नाही. आप्पा सकाळी सांगून गेले. पाप मला लागेल."

"अरे, मी मानत नाही."

"मी मानतो ना."

अंबरनाथला गेलो. तिथे गाडीवर बाबांच्या कंपनीतले एक काका भेटले, अभिनंदन करायला लागले. मी कांदाभजी घेऊन परत आलो.

मग एका रविवारी दुपारी थेट वांगणी. स्टेशनबाहेर एक टपरी. मला ओळखणारं चिटपाखरू नाही. डबल भुर्जी सांगितली. आली. वाफा निघतायत, वर कोथिंबीर, बाजूला पाव. मी घास केला. तोंडाशी नेला.

आणि मनात आलं, समजा आज घरी गेलो आणि फ्रिजचं दार उघडल्यावर तो ओरडलाच नाही तर?

मी, ज्यानं भर आरतीत देवाचा पुरावा मागितला होता, घास परत ताटलीत ठेवला. टपरीवाला म्हणाला, "काय झालं भाऊ, मीठ जास्त झालं का?" मी म्हणालो, "नाही. पोट बिघडलंय." पैसे दिले आणि निघालो.

एक वर्ष झालं. एचओडी ठणठणीत आहे. मी अंडं खाल्लेलं नाही.